नौदलातून निवृत्त झालेल्या सासऱ्यांची स्मरणपुस्तिका कशी करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सासरे नौदलातून कमांडर म्हणून निवृत्त झाले, पुढे नाशिकला इंदिरानगरमध्ये राहिले आणि गेल्या वर्षी वारले. वर्षश्राद्धाला अडीच महिने आहेत. नातेवाईक आणि मित्रमंडळींना द्यायला चोवीस पानांची पुस्तिका करायची आहे. घरात नौदलातलं कळणारं कोणी नाही आणि ‘कुटुंबवत्सल माणूस, शिस्तप्रिय अधिकारी’ याच्यापुढे मजकूर सरकत नाही.

तो सरकणार नाहीच, कारण ही दोन विशेषणं निम्म्या महाराष्ट्राच्या सासऱ्यांना लागू पडतात. माझं ऐकाल तर अजून लिहायला बसू नका. आधी एक तक्ता करा. लांब वही आडवी धरा आणि तीन रकाने पाडा: डावीकडे वर्ष, मध्ये नौदल, उजवीकडे घर. कमिशन मिळालं, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूक झाली, त्या वर्षापासून शेवटपर्यंत, दर वर्षाला एक ओळ. मधल्या रकान्यात जहाज किंवा तळ, गाव, हुद्दा. उजव्या रकान्यात लग्न, बाळंतपणं, शाळाप्रवेश, आजारपणं, घराचं कर्ज, आईवडिलांचं जाणं. हा तक्ता भरला की पुस्तिकेचं अर्धं काम झालं. माणूस घराला किती धरून होता हे सांगायला मग विशेषण लागत नाही. मधल्या रकान्यात समुद्र आणि उजव्या रकान्यात त्याच महिन्यात मुलांची मुंज-बारसं-परीक्षा असं काही दिसलं, की तिथे काय झालं एवढंच विचारायचं.

तक्ता भरायला दिल्लीला पत्र पाठवायची गरज नाही, बहुतेक सगळं घरातच असतं. पहिला कागद पीपीओ, म्हणजे पेन्शन पेमेंट ऑर्डर. त्यात हुद्दा, सेवेचा काळ आणि निवृत्तीची तारीख सापडते, आणि ती स्मरणातून सांगितलेल्या कोणत्याही तारखेपेक्षा खरी धरावी. (सासूबाईंच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचं काम ‘स्पर्श’ या संरक्षण निवृत्तिवेतनाच्या पोर्टलवर अजून पूर्ण झालं नसेल, तर पुस्तिका बाजूला ठेवा आणि आधी ते उरका. अडलं तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा.)

दुसरं, भिंतीवरच्या आणि माळ्यावरच्या लाकडी ढाली. जहाज सोडताना अधिकाऱ्याला त्या जहाजाचं चिन्ह असलेली ढाल देण्याची पद्धत आहे, आणि खालच्या पितळी पट्टीवर बऱ्याचदा नाव आणि कार्यकाळ कोरलेला असतो. सगळ्या ढाली काढून मागून-पुढून फोटो घ्या.

तिसरी गोष्ट सहसा कोणाला सुचत नाही: मुलांचे कागद. शाळा सोडल्याचे दाखले सालवार लावले की बदल्या आपोआप लागतात. मुंबई, कोची, विशाखापट्टणम, गोवा अशा ठिकाणची केंद्रीय विद्यालयं किंवा नेव्ही चिल्ड्रन स्कूल, आणि दाखल्यावरची तारीख. मुलांचे जन्मदाखलेही बघा. जन्मस्थळ अश्विनी असेल तर मुंबई, संजीवनी असेल तर कोची, कल्याणी असेल तर विशाखापट्टणम, जीवंती असेल तर गोवा. ही सगळी नौदलाची रुग्णालयं. मात्र एक सांभाळा. कुटुंब एका गावात आणि जहाज भलतीकडेच, हे नौदलात नेहमीचं. दाखल्यावरून घर कुठे होतं ते कळतं, माणूस कुठे होता ते नाही. म्हणून दाखल्यांची नोंद उजव्या रकान्यात करा आणि मधला रकाना ढाली, फोटो व पत्रांवरून भरा.

पत्रांचं तसंच. पाकिटावर ‘फ्लीट मेल ऑफिस, मुंबई’ असेल तर जहाज मुंबईत होतं असं धरू नका. तो फक्त टपालाचा पत्ता असतो. अंतर्देशीय पत्रं शिक्क्याच्या तारखेने लावा. शिक्का पुसट असेल तर आतला मजकूर मदतीला येतो: ‘चिरंजीव चौथीत गेला’ एवढं वाक्य वर्ष ठरवायला पुरतं.

नाशिकमध्ये राहता म्हणून आणखी एक जागा सांगतो. सासऱ्यांनी आपल्या वडिलांच्या किंवा आईच्या अस्थी रामकुंडावर विसर्जित केल्या असतील, तर तुमच्या घराण्याच्या क्षेत्रोपाध्यायांकडच्या वहीत ती नोंद असू शकते, कदाचित त्यांच्याच अक्षरात. आडनाव, मूळ गाव आणि आजोबा-पणजोबांची नावं घेऊन पंचवटीत चौकशी करा. सापडली तर त्या दिवशी ते घरी होते याचा पक्का पुरावा मिळतो, आणि त्या पानाचा फोटो पुस्तिकेत छापण्यासारखा असतो. फोटोला उपाध्यांची परवानगी घ्या.

फोटोंवर तारीख नसेल तर खांद्यावरच्या पट्ट्या मोजा. लेफ्टनंटला दोन पट्ट्या, लेफ्टनंट कमांडरला दोन आणि त्यांच्यामध्ये एक बारीक, कमांडरला तीन, कॅप्टनला चार. बढतीची सालं माहीत असतील तर फोटो दोन बढत्यांच्या मध्ये बसवता येतो. डाव्या छातीवर सोनेरी पंख असतील तर नौदलाची हवाई शाखा, डॉल्फिन असतील तर पाणबुडी शाखा. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका, कोपरा फाटतो. दात साफ करायचा धागा फोटोच्या मागून करवतीसारखा सरकवा. मागे लिहायचं ते मऊ पेन्सिलीने, बॉलपेनने लिहिलं की समोर वळ उमटतो. लहान फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करा. मोबाइलने काढलेला फोटोचा फोटो पडद्यावर बरा दिसतो, छापल्यावर चकाकी उठून येते.

आता चुका कुठे होतात ते. नाशिक लष्कराचं गाव आहे. देवळालीचा तोफखाना, भोसला मिलिटरी स्कूल, त्यामुळे इथल्या वाचकाच्या डोक्यात हुद्दे लष्कराचे असतात. लष्करातला कॅप्टन म्हणजे तरुण अधिकारी, नौदलातला कॅप्टन म्हणजे लष्करी कर्नलच्या बरोबरीचा. नौदलाचा कमांडर हा लेफ्टनंट कर्नलच्या बरोबरीचा. भर म्हणून, जहाजाचा प्रमुख कोणत्याही हुद्द्याचा असला तरी जहाजावर त्याला ‘कॅप्टन’च म्हणतात. म्हणून कोणी काका ‘ते एका जहाजाचे कॅप्टन होते’ म्हणाले, तर तो त्या वेळचा हुद्दा होता की जबाबदारी, हे विचारून घ्या. पुस्तिकेत सुरुवातीला एकदा ‘भारतीय नौदल’ असं स्पष्ट लिहा. आपल्याकडे व्यापारी जहाजांवरचा माणूसही ‘नेव्हीत’च असतो. नाव लिहिताना ‘कै. कमांडर अमुक तमुक (निवृत्त)’ असं लिहा. ‘निवृत्त कमांडर’ नको, सेवेतून माणूस निवृत्त होतो, हुद्दा त्याच्याकडेच राहतो.

‘आयएनएस’ (इंडियन नेव्हल शिप) दिसलं की जहाज समजणं ही दुसरी हमखास चूक. नौदलाच्या किनाऱ्यावरच्या तळांनाही आयएनएसच म्हणतात. शिवाजी म्हणजे लोणावळ्याची अभियांत्रिकी प्रशिक्षण संस्था, हमला मालाडला, वलसुरा जामनगरला, द्रोणाचार्य कोचीला, हंसा गोव्यातला विमानतळ. ‘दोन वर्षं आयएनएस शिवाजीवरून सागरसफरी केल्या’ असं छापून आलं तर त्यांचे मित्र हसतील आणि बाकी मजकुरावरचा विश्वासही जाईल. नेमकी याच्या उलट गंमत तक्त्यात दिसते: शिवाजी, वलसुरा अशा नेमणुकांच्या वर्षांत माणूस संध्याकाळी घरी असतो. मुलांना सायकल, पोहणं, गणित शिकवलं ते बहुधा याच वर्षांत. तिथे मुद्दाम खणा.

जहाजांची नावं पुन्हा वापरतात हेही लक्षात ठेवा. पहिली विक्रांत १९६१ ते १९९७ सेवेत होती, आताची २०२२ साली दाखल झाली. म्हैसूर नावाची क्रूझर १९५७ ते १९८५, त्याच नावाची विनाशिका १९९९ पासून. इंटरनेटवरून चित्र उचलताना सालाशी पडताळा, नाहीतर १९७० सालच्या परिच्छेदाशेजारी आजची युद्धनौका छापली जाते.

पदकांचा भाग सर्वांत नाजूक. ब्रासोने घासू नका. बऱ्याच पदकांच्या कडेवर क्रमांक, हुद्दा आणि नाव बारीक कोरलेलं असतं, ते झिजतं, आणि फितीला डाग पडतात. भिंग घेऊन कड वाचा, कोरड्या मऊ कापडाने पुसा, पुरे. पदकांवरून काळ कळतो. संग्राम मेडल १९७१ च्या युद्धकाळात सेवेत असलेल्यांना सरसकट मिळालं. पश्चिमी स्टार पश्चिम आघाडीवर असलेल्यांना, पूर्वी स्टार पूर्व आघाडीवर असलेल्यांना. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं पदक असेल तर १९७२ मध्ये ते सेवेत होते, पन्नासाव्याचं असेल तर १९९७ मध्ये. दीर्घ सेवेची पदकं ९, २० आणि ३० वर्षांची असतात. यातली कोणतीही ‘शौर्यपदकं’ नाहीत, तसं लिहू नका. नौसेना मेडल आणि विशिष्ट सेवा मेडल ही सन्मानाची पदकं वेगळी. ती असतील तर प्रशस्तिपत्र घरात असतंच, मजकूर त्यातून घ्या.

घराघरांत ऐकू येणारं वाक्य म्हणजे ‘बाबा कराचीच्या हल्ल्यात होते’. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री कराचीवर क्षेपणास्त्रं डागली ती निपात, निर्घात आणि वीर या तीन नौकांनी, आणि त्या मोहिमेत मोजकी जहाजं होती. पश्चिमी स्टार आहे म्हणजे त्या रात्री ते तिथेच होते असं होत नाही. विक्रांत तर तेव्हा बंगालच्या उपसागरात होती. तिच्यावरच्या माणसाकडे पूर्वी स्टार हवा. पडताळता आलं नाही तर ‘१९७१ च्या युद्धकाळात अमुक जहाजावर होते’ एवढंच लिहा. तेवढं भरपूर आहे.

सासूबाईंशी बोलताना ‘बाबा कसे होते?’ असं विचारलं की ‘फार चांगले होते’ एवढंच उत्तर येतं. तक्ता पुढ्यात ठेवून विचारा. अधिकाऱ्याला साधारण वर्षाला ६० दिवस वार्षिक आणि २० दिवस नैमित्तिक रजा असते. ती रजा कुठे गेली, वर्षवार विचारा: घराच्या बांधकामावर उभं राहण्यात, बहिणीच्या लग्नात, वडिलांच्या ऑपरेशनला की कोकणातल्या घराची कौलं शाकारण्यात? जहाज समुद्रावर असताना गॅस कोणाच्या नावावर, बँकेत सही कोणाची, मुलं तापली तर शेजारी कोण? जहाज परत येणार हे कसं कळायचं? गोदीच्या दरवाजावर मुलांना घेऊन कोण जायचं? एका बैठकीत पाऊण तासापेक्षा जास्त नको, आणि फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवा. त्यांची वाक्यं तशीच छापा, व्याकरण सुधारत बसू नका. माझ्या मते पुस्तिकेतली सर्वांत जास्त पानं त्यांना द्यावीत, कारण मधल्या रकान्याची किंमत उजव्या रकान्यात त्यांनीच मोजलेली असते.

मित्रांना शोधताना लक्षात ठेवा, अधिकाऱ्यांचं जग ‘कोर्स’वर, म्हणजे एकत्र प्रशिक्षण घेतलेल्या तुकडीवर चालतं. एनडीएचा (खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा) कितवा कोर्स, किंवा थेट प्रवेश असेल तर कोणत्या साली, एवढं कळलं की एका कोर्समेटकडून बाकीचे मिळतात. नेव्ही फाउंडेशन ही निवृत्त अधिकाऱ्यांची संस्था आहे, तिच्याकडेही विचारा. ‘दोन शब्द लिहून द्या’ असं सांगू नका, तसे दोन शब्द नेहमीचेच येतात. ‘अमुक साली अमुक जहाजावर तुम्ही बरोबर होता, तेव्हाचा एक प्रसंग दीडशे शब्दांत’ असं मागा, आणि तीन आठवड्यांची मुदत द्या. अधिकृत सेवातपशील हवा असेल तर नवी दिल्लीच्या नौदल मुख्यालयाकडे सासूबाईंच्या सहीने अर्ज करा, सोबत पीपीओ आणि मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडा. पण त्या उत्तरासाठी पुस्तिका थांबवू नका.

छपाईचं थोडक्यात. ए-पाच आकार, मध्ये पिना. पानांची संख्या चारच्या पटीत लागते, म्हणून चोवीस बरोबर आहे. पानाला सव्वादोनशे शब्द धरा. फोटो वजा जाता एकूण मजकूर तीन हजार शब्दांच्या आत ठेवा. आतला कागद फोटोंसाठी १३० जीएसएम आर्ट पेपर, कव्हर २५० ते ३००. शे-दीडशे प्रती असतील तर डिजिटल छपाई परवडते. डीटीपीवाल्याने युनिकोड मजकूर जुन्या फॉन्टमध्ये बदलला की ‘ऱ्या’ मोडतो, आणि तुमच्या पुस्तिकेत ‘अधिकाऱ्यांनी’ पानोपानी असणार. प्रूफ कागदावर मागा, पीडीएफवर भागवू नका. एक प्रूफ घरच्यांनी वाचावं, दुसरं एखाद्या कोर्समेटने, फक्त जहाजं, हुद्दे आणि सालं बघण्यासाठी. वर्तमानपत्रात ‘प्रथम पुण्यस्मरण’ द्यायचं असेल तर तिथी आणि तारीख यांतलं काय धरायचं ते घरात आधी ठरवा. पुस्तिकेत एक आणि जाहिरातीत दुसरंच, असं बऱ्याचदा होतं.

सेवा क्रमांक, पीपीओ क्रमांक, बँकेचा तपशील, सासूबाईंचा पत्ता आणि फोन यांतलं काहीही छापू नका. निवृत्तिवेतनधारकांना फसवणाऱ्यांना एवढंच हवं असतं. जहाजाच्या आतल्या यंत्रणांचे फोटो आणि ‘गोपनीय’ शिक्क्याचे कागद कितीही जुने असले तरी बाहेर ठेवा. उरलेल्या प्रतींमधली एक सार्वजनिक वाचनालय नाशिकला आणि एक मुंबईच्या मेरीटाइम हिस्टरी सोसायटीला घेतात का ते विचारून द्या.