वाचकांचे प्रश्न : आहाज राजाला काय ऐकू आलं असेल?

मागच्या अंकात यशयाच्या पुस्तकावर लिहिलं होतं, म्हणजे बायबलच्या जुन्या करारातलं ते 66 अध्यायांचं मोठं पुस्तक, आणि त्यात मी म्हटलं होतं की संदेष्टा आधी समोरच्या माणसाशी बोलत असतो, आपल्याशी नंतर. त्यावर बरीच पत्रं आली, काही रागावलेलीही. चार घेतोय.

प्रश्न : आमच्या वसईच्या घरी नाताळच्या आधी यशया 7:14 वाचायची पद्धत आहे, "कुमारी गर्भवती होईल" ते. यंदा पुतण्या म्हणाला की मूळ हिब्रूत कुमारी शब्दच नाहीये, सगळं चुकीच्या भाषांतरावर उभं आहे. आई फार दुखावली. खरं काय आहे?

पुतण्याचं शब्दाबद्दल बरोबर आहे, पण त्यावरून त्याने जे काढलं ते बरोबर नाही. हिब्रूत शब्द आहे 'अल्मा', म्हणजे वयात आलेली तरुण मुलगी. त्याचंच पुल्लिंगी रूप 'एलेम', म्हणजे तरुण पोरगा, यावरून कळतं की शब्द वयाबद्दल बोलतोय. कौमार्यच सांगायचं असतं तर 'बेतूला' हा शब्द जास्त जवळचा होता. पुढे इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या आसपास यशयाचं ग्रीक भाषांतर झालं, आणि हे ज्यूंनीच ग्रीक बोलणाऱ्या ज्यूंसाठी केलेलं बरं का, त्यांनी इथे 'पार्थेनोस' शब्द घातला, आणि मत्तयने आपल्या शुभवर्तमानात येशूच्या जन्माबद्दल सांगताना तेच ग्रीक वचन घेतलं. पार्थेनोस म्हणजे साधारण कुमारीच, पण तेच ग्रीक भाषांतर उत्पत्तीच्या 34व्या अध्यायात दीनेवर अत्याचार झाल्यानंतरही तिला पार्थेनोसच म्हणतं. म्हणजे शब्द थोडा सैल होता. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर नावाआधी 'कु.' लिहितात तेव्हा वय आणि लग्न झालेलं नाही एवढंच सांगायचं असतं ना, तसंच काहीसं.

पण खरी गंमत शब्दापेक्षा प्रसंगात आहे आणि तिथे कोणी थांबतच नाही. साल साधारण इ.स.पू. 735. यरुशलेमेत आहाज राजा आहे, उत्तरेकडून दोन राजे, दिमिष्कचा, म्हणजे दमास्कसचा, रसीन आणि इस्राएलचा पेकह, चालून येतायत, आणि अध्यायात लिहिलंय की राजाचं मन वाऱ्याने रानातली झाडं हलावीत तसं हललं. यशया त्याला दरबारात भेटत नाही, वरच्या तळ्याचा पाट जिथे संपतो तिथे, परिटाच्या शेताकडे जाणाऱ्या रस्त्यावर भेटतो. सोबत स्वतःचा मुलगा, ज्याचं नावच 'शआर-याशूब', म्हणजे उरलेले परततील. तिथे उभं राहून तो म्हणतो, घाबरू नकोस, ही तरुणी गरोदर आहे, तिला मुलगा होईल, त्याचं नाव इम्मानुएल, देव आमच्याबरोबर, आणि त्या पोराला चांगलं-वाईट कळायच्या आत तू ज्या दोन राजांना भितोस त्यांचा देश ओसाड पडलेला असेल. हिब्रूत 'अल्मा'च्या आधी 'ती' असं दाखवणारं उपपद आहे, म्हणजे बोलणाऱ्याच्या डोळ्यासमोर कोणीतरी आहे. राशी नावाच्या पंडितासारखे मध्ययुगीन ज्यू भाष्यकार म्हणतात ती यशयाची बायको, काहीजण राणी म्हणतात. इ.स.पू. 732 मधे अश्शूरने, म्हणजे असीरियन साम्राज्याने, दिमिष्क घेतलंच.

आता विचार करा, ज्या माणसाच्या शहराला उद्या वेढा पडणार त्याला सातशे वर्षांनंतरच्या बाळाची खूण देऊन काय उपयोग? आहाजला जे ऐकू आलं ते लगेचचं होतं, एक गरोदर बाई, एक मूल, तीन-चार वर्षांची मुदत. मत्तयने ते वचन उचललं तेव्हा तो त्या काळच्या ज्यू पद्धतीनेच वाचत होता, की जुन्या वचनात आजच्या घटनेचा अर्थ भरून येतो. मृत समुद्राजवळच्या कुमरान गुहांमधे सापडलेल्या, हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकावरच्या भाष्यातही हेच केलंय. ती फसवणूक नाही, ती वाचायची एक रीत आहे. आईला सांगा नाताळला खुशाल वाचा, फक्त पुढची दोन वचनंही वाचा, म्हणजे तो घाबरलेला राजाही दिसेल.

प्रश्न : मी पुण्यात एमए करतेय. सर म्हणाले यशया एक नाही, तीन आहेत. मग मृत समुद्राजवळ सापडलेल्या गुंडाळीत सगळं एकसलग कसं?

छान प्रश्न. 'तीन यशया' ही कल्पना बर्नहार्ड डूम या जर्मन अभ्यासकाच्या 1892 च्या भाष्याने पक्की झाली, पण शंका फार जुनी, बाराव्या शतकातल्या इब्न एज्रा या ज्यू भाष्यकारानेही आडून सुचवलेली. कारण अगदी साधं आहे. 1 ते 39 मधे शत्रू अश्शूर, मंदिर उभं, राजा गादीवर. 40वा अध्याय उघडला की एकदम "सांत्वन करा, माझ्या लोकांचं सांत्वन करा", यरुशलेम उद्ध्वस्त झालेलं आहे, लोक बाबेलमधे, म्हणजे बॅबिलोनमधे, बंदिवान आहेत, आणि हे होणार असं नाही, हे झालंय असं गृहीत धरून सगळं बोलणं आहे. मग 44 आणि 45 मधे पारसाचा, म्हणजे इराणचा, राजा कोरेश (सायरस) याचं चक्क नाव येतं, आणि बाबेल त्याने जिंकलं इ.स.पू. 539 मधे, म्हणजे यशया होऊन दीडशेहून जास्त वर्षं झालेली. 56 पासून पुढे परत आलेल्यांची भांडणं, उपास, मंदिर.

गुंडाळीचं म्हणाल तर ती 1947 मधे सापडली, 17 चामड्याचे तुकडे शिवून केलेली, 7 मीटरच्या वर लांब, साधारण इ.स.पू. 125 ची. तिच्यात 40वा अध्याय एका रकान्याच्या अगदी शेवटच्या ओळीला सुरू होतो, वर मोकळी जागा वगैरे काही सोडलेली नाही, 33 आणि 34 च्या मधे मात्र सोडलीय. म्हणून लोक म्हणतात बघा, पुस्तक एकच. पण गुंडाळी सांगते ते एवढंच की इ.स.पू. दुसऱ्या शतकात पुस्तक एक होतं. कोरेशनंतर तोवर चारशे वर्षं झाली होती, तेवढ्यात जोडकाम करायला भरपूर वेळ मिळतो.

मला स्वतःला ह्यात सगळ्यात जास्त हलवून टाकलं ते मुंबईत. कोरेशचा मातीचा सिलिंडर, एरवी ब्रिटिश म्युझियममधे असतो, तो 2013-14 च्या हिवाळ्यात छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आला होता, जेमतेम वीतभर लांब, अंगावर किड्यामुंगीसारखी बारीक अक्षरं. त्यात लिहिलंय की बाबेलचा देव मर्दूक याने चांगला राजा शोधला आणि कोरेशचा हात धरला. आणि यशया 45:1 मधे परमेश्वर म्हणतो, कोरेशचा उजवा हात मी धरलाय. एकाच राजाच्या हातावर दोन देवांचा दावा! सिलिंडरमधे यरुशलेमचं नाव नाही, कोणी कोणाचं वाचलं असंही म्हणता येत नाही, पण त्या काळची ती बोलायची भाषा होती आणि बंदिवासातला हा अनामिक कवी त्याच भाषेत आपल्या हरलेल्या लोकांना सांगत होता की तो राजा आपल्याच देवाने पाठवलाय. मी तिथे बराच वेळ उभा होतो. ह्या कवीचं नाव आपल्याला माहीत नाही म्हणून तो कमी खरा होतो असं मला तरी अजिबात वाटत नाही.

प्रश्न : जी भविष्यं खरीच झाली नाहीत त्यांचं काय?

ती पुस्तकातच ठेवलीयत, लपवलेली नाहीत. यहेज्केल संदेष्टा आपल्या पुस्तकाच्या 26व्या अध्यायात म्हणतो बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर सोर शहर पाडेल आणि लुटेल. मग 29व्या अध्यायात तोच यहेज्केल, नंतरची तारीख घालून, सांगतो की त्याच्या सैन्याने इतके कष्ट केले की सगळ्यांच्या डोक्याला टक्कल पडलं, खांदे सोलवटून निघाले, आणि सोरेकडून मजुरी काही मिळाली नाही, म्हणून देव आता त्याला मिसर, म्हणजे इजिप्त, देतोय. मला हे वाचून विश्वास वाढतो, कमी होत नाही, कारण ज्यांनी ही पुस्तकं जपली त्यांना पहिलं वचन पुसून टाकता आलं असतं.

दुसरं, मीखा संदेष्टा म्हणाला होता सियोन, म्हणजे यरुशलेमची टेकडी, शेतासारखी नांगरली जाईल. तसं तेव्हा झालं नाही. शंभरेक वर्षांनी यिर्मया या दुसऱ्या संदेष्ट्यावर खटला भरला, देहदंड द्या म्हणून, तेव्हा वडीलधाऱ्यांनी उठून हेच वचन काढलं आणि म्हणाले, हिज्कीया राजाने मीखाला मारलं का? तो देवाला भ्याला आणि अरिष्ट टळलं. म्हणजे त्यांच्या दृष्टीने मीखा खोटा पडला नव्हता, त्याचं ऐकलं गेलं होतं. आपल्याकडे जुने लोक 'भविष्यवादी' म्हणायचे, आता 'संदेष्टा' म्हणतात, हा बदल मला फार योग्य वाटतो, कारण भविष्य म्हटलं की आपण पत्रिका आणि तारखा शोधायला लागतो.

प्रश्न : माझा दिंडोरीला द्राक्षाचा मळा आहे. हिब्रू येत नाही, शिकायचं वयही नाही. मग ह्यातलं काही मूळचं हाती लागेल का?

लागेल, आणि तुम्हाला इतरांपेक्षा जास्त लागेल. यशयाचा 5वा अध्याय घ्या. एका माणसाने सुपीक टेकडीवर जमीन खणली, धोंडे वेचले, उत्तम वेल लावला, मधे माळा बांधला, रस काढायला कुंड खोदलं, आणि आलं काय, तर 'बेऊशीम'. भाषांतरात रानद्राक्षं म्हणतात, पण शब्दाच्या मुळाशी घाण वास येणं आहे. सडका माल. वर्षभर राबून हातात असा घड आला की काय होतं हे मी तुम्हाला काय सांगणार. ऐकणारे मान डोलावत असताना शेवटी कळतं की मळा म्हणजे तेच. आणि मग 7व्या वचनात देव म्हणतो, मी 'मिश्पात' म्हणजे न्याय शोधला, मिळाला 'मिस्पाख', रक्तपात. 'त्सेदाका' म्हणजे नीतिमत्ता शोधली, मिळाली 'त्सेआका', गांजलेल्यांची किंकाळी. कानाला जवळजवळ तेच शब्द, एका अक्षराचा फरक, लांबून घड चांगला दिसावा आणि हातात घेतल्यावर कळावं तसं. हे चार शब्द मोठ्याने म्हणा, मळ्यातच उभं राहून म्हणा, मिश्पात, मिस्पाख, त्सेदाका, त्सेआका.