प्रसादाचा पेढा आणि ३१ तारखेची सही

ऑफिसात पूजा असली की काय करायचं? प्रसाद घ्यायचा की नाही, टिळा लावू द्यायचा की नाही? ख्रिस्ती घरांतली नोकरदार मुलंमुली हा प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात ती बहुतेक गणपती ते दिवाळी या दिवसांत. पाळकसाहेबांना विचारलं तर रागावतील, मित्रांना विचारलं तर हसतील, मग उरते समुपदेशक.

त्यातल्या एका मुलीबद्दल लिहिते आहे. तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय तिशीच्या आतलं. वडील रेल्वेतून निवृत्त, आई महिला मंडळात, ही स्वतः चर्चच्या गायकवृंदात. नोकरी घरकर्ज देणाऱ्या एका खासगी कंपनीच्या नागपूर शाखेत, क्रेडिट ऑफिसर. खंडेनवमीला शाखेत कॉम्प्युटर, प्रिंटर, तिजोरी, सगळ्यांना झेंडूचे हार चढले. आरती झाली, शाखाप्रमुखांनी हातावर पेढा ठेवला आणि तिने तो खाल्ला. "तेव्हापासून झोप नाही मॅडम. पहाटे तीनला जाग येते, पोटात गोळा येतो. मी काय करून राहिली तेच समजत नाही."

असं कुणी सांगितलं की मी आधी एक गोष्ट तपासून घेते. एकच प्रार्थना 'नीट झाली नाही' म्हणून पुन्हा पहिल्यापासून म्हणणं, तोंड वारंवार धुणं, त्यात दिवसाचे तासन् तास जाणं, दहा जणांना विचारूनही समाधान न होणं. असं असेल तर तो ओसीडी, म्हणजे मंत्रचळ, असू शकतो. त्यावर औषधं आहेत, वेगळी उपचारपद्धती आहे. अशा माणसाला वचनं दाखवून धीर देत बसलं तर आजार बळावतो, कारण पुन्हा पुन्हा धीर मागणं हाच त्या आजाराचा खुराक असतो. त्यांना मी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवते. हिच्यात त्यातलं काही नव्हतं.

मग आम्ही प्रसादावर बोललो, कारण ती मनापासून विचारत होती. बायबलमधल्या करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीपुढे हाच पेच होता. बाजारात मिळणारं मांस बऱ्याचदा मूर्तीला दाखवलेलं असे. प्रेषित पौलाने त्यांना पत्रातून सांगितलं, बाजारात मिळेल ते विवेकबुद्धीसाठी चौकशी करत न बसता खा; कुणी जेवायला बोलावलं तर पुढे येईल ते खा. मात्र 'हे नैवेद्याचं आहे' असं कुणी मुद्दाम सांगितलं तर त्या सांगणाऱ्याच्या मनासाठी थांबा. तिचं म्हणणं, "सर सांगूनच देतात, प्रसाद म्हणून." बरोबर होतं. मग न घेण्याचं स्वातंत्र्यही तिला आहे, त्यासाठी चेहरा पाडायची गरज नाही. अरामी सेनापती नामानाची गोष्ट तिला रविवारच्या शाळेपासून ठाऊक होती, पण कुष्ठ बरं होण्यापर्यंतचीच. पुढे तो अलीशा संदेष्ट्याला विचारतो की माझा धनी माझ्या हातावर टेकून रिम्मोन देवाच्या देवळात वाकला की मलाही वाकावं लागतं, त्याची क्षमा होईल ना? अलीशा म्हणतो, शांतीने जा. हे ऐकून ती थोडा वेळ गप्प बसली.

तिला जास्त उपयोग झाला तो शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचा. तो बौद्ध. १४ ऑक्टोबर १९५६ ला इथे दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यांत गणपतीसारखे हिंदू देव मानणार नाही, त्यांची पूजा करणार नाही, हे स्पष्ट आहे. म्हणजे तिचा पेच नागपुरातल्या कितीतरी ऑफिसांत आणखी कुणाचा तरी असतोच, आणि त्या घरांनी तो दोन-तीन पिढ्या निभावला आहे. मी म्हटलं, त्याला विचार. तो म्हणाला, "मी मागे उभा राहतो, आरती घेत नाही. पेढा गोड म्हणून खातो. सरांना पहिल्याच वर्षी सांगून टाकलं होतं, त्यांनी काही मनाला लावून घेतलं नाही."

इथे प्रश्न मिटायला हवा होता. झोप मात्र आली नाही.

मी तिला रात्रींची नोंद ठेवायला सांगितलं होतं: कॅलेंडरवर वाईट रात्रीला फुली. दिवाळी उलटल्यावर ते पान घेऊन आली. दिवाळीतल्या रात्री बऱ्यापैकी कोऱ्या होत्या. फुल्यांचा झुबका पंचवीस तारखेनंतर, महिना संपेपर्यंत. मी विचारलं, महिनाअखेरीला काय असतं?

बराच वेळ ती पर्सची चेन उघडझाक करत राहिली. मग सांगितलं.

कर्जाच्या अर्जासोबत ग्राहकाचं घर आणि धंदा प्रत्यक्ष पाहून आल्याचा अहवाल लागतो. एजन्सीची मुलं जातात, फोटो काढतात, शेजाऱ्यांकडे चौकशी करतात. अहवाल वाचून ती सही करते. महिनाअखेरीला टार्गेट असतं. मुलं जात नाहीत, जुने फोटो फिरतात. "एका फायलीत हिंगण्याचा माणूस, दुसरीत कामठीचा. दोघांच्याही घरात निळा ड्रम, त्याच्या वर कॅलेंडर, आणि कॅलेंडरचा खालचा कोपरा फाटलेला. दोन्हीत तोच कोपरा, मॅडम." पानठेला कागदावर किराणा दुकान झाला होता, उत्पन्न महिना ४०,०००. शाखाप्रमुख म्हणाले, ३१ तारीख आहे, सही कर. तिने केली. तशी ती तिची पहिली सहीही नव्हती. ते फोटो तिने मला दाखवले नाहीत, ग्राहकाचे आहेत म्हणून. हे मला आवडलं.

माझं मत विचाराल तर प्रसादाची भीती खरी होती, पण तिच्या आड ही सही दडली होती. पेढा सगळ्यांना दिसतो, चर्चमध्ये त्याबद्दल विचारतील अशी धास्ती असते. फायलीतली सही कुणी विचारत नाही. आपल्या व्यासपीठांवरूनही मूर्तिपूजेवर जितकं बोललं जातं तितकं खोट्या बिलांवर, खोट्या अहवालांवर बोललं गेलेलं मी फारसं ऐकलेलं नाही. खऱ्या तराजूबद्दल बायबलच्या लेवीय पुस्तकात आज्ञा आहे, ती आपण किराणा दुकानदाराची समजून पुढे जातो.

ती म्हणाली, "मग नोकरी सोडू?" घरात धाकट्या भावाची इंजिनीअरिंगची फी. आईने आधीच सांगून ठेवलं होतं, "एवढं कायले डोक्यात घेतं? नोकरी टिकव बाई." मी तिला लूकच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय वाचायला दिला. जकातदार बाप्तिस्मा घ्यायला येतात आणि आम्ही काय करावं म्हणून विचारतात. बाप्तिस्मा देणारा योहान त्यांना नाका सोडा म्हणत नाही; नेमून दिलंय त्यापेक्षा जास्त घेऊ नका, एवढंच सांगतो.

यानंतरचं काम अगदी रुक्ष होतं. सरावासाठी मी शाखाप्रमुख झाले आणि ती बोलायची. पहिल्या वेळी रडली, दुसऱ्या वेळी प्रवचन दिलं. मी म्हटलं, येशूचं नाव घेऊन साहेबाला कोपऱ्यात ढकलू नकोस, कामाचं बोल. शेवटी दोन वाक्यं ठरली: "सर, अहवाल खरा असेल त्याच फायलीवर मी सही करीन. बाकीच्यांसाठी दोन दिवस द्या, मी स्वतः जाऊन येते." आणि त्याच संध्याकाळी तेच मेलवर लिहायचं, तक्रारीचा सूर न लावता. नोंद राहते आणि उद्या चौकशी आली तर एकटीच्या गळ्यात पडत नाही.

गोड शेवट सांगण्यासारखा नाही. त्या तिमाहीचा इन्सेन्टिव्ह गेला. एजन्सीच्या मुलांनी तिला 'मदर तेरेसा' म्हणायला सुरुवात केली. शाखाप्रमुख काही फायली आता दुसऱ्या टेबलावर पाठवतात, म्हणजे खोटं थांबलं नाही, तिच्या हातून थांबलं. हे तिला खुपतं आणि मी ते खुपू देते. कंपनीच्या तक्रार यंत्रणेकडे जायचं की नाही, यावर आमचं बोलणं अजून चालू आहे. तो निर्णय तिचा.

जुन्या सह्यांचं काय, हा त्याहून अवघड भाग. ९० दिवस हप्ता थकला की खातं एनपीए, म्हणजे बुडीताच्या वाटेवरचं, धरलं जातं आणि २००२ च्या सरफेसी कायद्याखाली घराच्या ताब्याची कारवाई होऊ शकते. ज्याचं उत्पन्न कागदावर फुगवलं त्याला झेपेल त्याहून मोठा हप्ता लागतो, आणि घर जातं ते त्याचं. तिने आपल्या सहीच्या संशयास्पद फायलींची यादी केली. दोन खाती मागे पडू लागली होती. त्या दोघांना तिने बोलावून घेतलं, मुदत वाढवून हप्ता कमी करण्याचा अर्ज भरून दिला. एकाचा मंजूर झाला, दुसऱ्याचा अडकला आहे.

झोप बरीच सुधारली आहे. महिनाअखेरीला अजून एखादी फुली पडते.

मध्यंतरी पाळकसाहेबांच्या कानावर यातलं थोडंफार गेलं. उपासनेत तरुणांपुढे साक्ष दे म्हणाले. तिने नकार दिला. ऑफिसातल्या बाकीच्यांच्या नोकरीचा प्रश्न आहे, असं त्यांना सांगितलं. मला म्हणाली, "आणि यादीतल्या फायली अजून संपल्या कुठे?"