क्रोममध्ये हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन चालू केलंय, तरी यूट्यूब अडकतं. काय करू?

नागपूरच्या बर्डीवरून इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-५ प्रोसेसर असलेला जुना पीसी घेतला, दुकानदाराने विंडोज १० नव्याने टाकून दिलं, आणि नकाशा सरकवला तरी पंखा घोंगावतो, असं तुम्ही लिहिलंय. हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन म्हणजे चित्रं-व्हिडिओ दाखवायचं काम प्रोसेसरऐवजी ग्राफिक्स चिपला देणं. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘सिस्टम’खालचं त्याचं बटण तुम्ही चालू केलंच आहे. पण त्या बटणाने फक्त परवानगी मिळते. काम ग्राफिक्स चिपकडे गेलं का, ते वेगळं तपासावं लागतं.

अ‍ॅड्रेस बारमध्ये क्रोम, कोलन, दोन तिरप्या रेघा आणि जीपीयू असं इंग्रजीत टाका. वरच कॅनव्हास, रास्टरायझेशन, व्हिडिओ डिकोड, वेबजीएल अशी यादी येते. समोर ‘हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेटेड’ असेल तर ठीक. ‘सॉफ्टवेअर ओन्ली’ असेल, तर सगळा भार बिचाऱ्या प्रोसेसरवर पडतोय. नागपूरच्या मे महिन्यात खोलीच भट्टीसारखी तापते, तेव्हा हे लवकर निस्तरा.

मला दाट शंका ड्रायव्हरची, म्हणजे विंडोजला ग्राफिक्स चिप वापरू देणाऱ्या सॉफ्टवेअरची आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘डिस्प्ले अ‍ॅडाप्टर्स’ उघडा. तिथे ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडाप्टर’ दिसला, तर ग्राफिक्स ड्रायव्हर बसलेलाच नाही. नव्याने विंडोज टाकलेल्या मशीनवर हे सर्रास होतं. इंटेलच्या किंवा पीसी बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरूनच ड्रायव्हर घ्या. फुकट ‘ड्रायव्हर अपडेटर’च्या नादी कृपया लागू नका. रीस्टार्टनंतर तिथे ‘इंटेल एचडी ग्राफिक्स’ यायला हवं.

फ्लॅग्जमधलं, म्हणजे क्रोमच्या प्रायोगिक सेटिंग्जमधलं ‘ओव्हरराइड सॉफ्टवेअर रेंडरिंग लिस्ट’ चालू करा, असं बरेच जण सांगतात. ड्रायव्हरच नसेल तर त्याचा उपयोग नाही. शिवाय ही लिस्ट म्हणजे ग्राफिक्स चिप वापरायची नाही अशांची यादी; त्रास देणारे ड्रायव्हर क्रोमने विचार करूनच तीत टाकलेले असतात. जबरदस्ती केली की स्क्रीन काळी पडू शकते.

एवढं करूनही फक्त यूट्यूबच अडकलं, तर कारण व्हिडिओच्या फॉरमॅटमध्ये आहे. यूट्यूब बहुधा व्हीपी९ किंवा एव्ही१ या नव्या फॉरमॅटमध्ये व्हिडिओ पाठवतं. व्हीपी९ पूर्णपणे चिपवर उलगडायची सोय इंटेलमध्ये सातव्या पिढीपासून आली, एव्ही१ची अकराव्या. तुमची चिप एच.२६४ हा जुना फॉरमॅट मात्र आरामात चालवते. त्यासाठी यूट्यूबला एच.२६४ पाठवायला लावणारं ‘एच२६४इफाय’सारखं (h264ify) एक्स्टेन्शन क्रोममध्ये टाका. १०८०पीच्या वरचा दर्जा मिळणार नाही, पण व्हिडिओ सुरळीत चालेल. व्हिडिओ चालू ठेवून टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये जीपीयू, म्हणजे ग्राफिक्स चिप उघडा. ‘व्हिडिओ डिकोड’चा आलेख हलला की समजा, काम चिपकडे गेलं.