आधीच्या पिढ्यांनी जास्त सोसलं की आताची पिढी जास्त सोसते? अध्यात्म याबद्दल काय सांगतं?

हा वाद आमच्या घरात अजून मिटलेला नाही, त्यामुळे उत्तर जरा तिखट येईल.

माझ्या मुलीला नोकरी लागल्यावर काही महिन्यांतच पॅनिक अटॅक यायला लागले. एका रात्री ती बाथरूमच्या फरशीवर बसलेली. तोंडाला कोरड, हात इतके कापत होते की फोन निसटून पडला. "आई, अंगाची आग होतेय, उभं राहवत नाहीये." माझा थोरला भाऊ तेव्हा आमच्याकडे मुक्कामाला होता. माणूस नित्यनेमाचा, पाठांतर दांडगं. जपमाळेच्या गोमुखीतला हात न थांबवता दारातूनच म्हणाला, "आपल्या आईने पोटची पोरं गमावली आणि लगेच कामाला लागली. ह्यांना कसला त्रास? प्रारब्धाचे भोग आहेत, भोगून संपवायचे."

आईचं दुःख मी कमी लेखत नाही. जगभरात १९९० साली जन्मणाऱ्या दर हजार बाळांमागे साधारण ९३ बाळं पाच वर्षांची होण्याआधीच जात. २०२२ साली हा आकडा ३७ वर आला. आईचा काळ तर त्याच्याही आधीचा. उपासमार, साथी, बाळंतपणातले मृत्यू, हे सगळं आधीच्यांनी जास्त भोगलं. तुमच्या प्रश्नाच्या निम्म्या भागाचं उत्तर इथेच संपलं.

पण दादा ज्या शास्त्राच्या जोरावर बोलतो, ते त्याच्या बाजूने नाही. शास्त्रात ताप (म्हणजे दुःखं) तीन. दैवी कोपाचे आधिदैविक, दुसऱ्या प्राण्यांकडून होणारे आधिभौतिक आणि आपल्याच देहा-मनात उठणारे आध्यात्मिक. सांख्यकारिका या सांख्य दर्शनाच्या जुन्या ग्रंथाची सुरुवातच या तीन दुःखांपासून होते, आणि तिच्यावरच्या टीकाग्रंथांमध्ये तिसऱ्याचे पुन्हा दोन भाग आहेत, शारीर आणि मानस. म्हणजे भय, विषाद हे तापच आहेत, नखरे नव्हेत. पहिले दोन आता पुष्कळ ठिकाणी ओसरले, तिसऱ्याने मात्र घर धरलं. शांतिपाठाच्या शेवटी 'शांतिः' तीनदा म्हणतात ते या तिन्ही तापांसाठी. दादा रोज म्हणतो. बहुधा दोनदाच मनापासून म्हणत असावा.

आणि अर्जुन? तोंड कोरडं पडलं, अंग कापलं, गांडीव हातातून गळायला लागलं, त्वचेची आग झाली, उभं राहवेना. गीतेचा पहिला अध्याय काढून बघा, माझ्या मुलीची लक्षणं ओळीने सापडतील. कृष्णाने त्याला 'तुझ्या आजोबांनी बघ किती सोसलं' असं ऐकवलं नाही. (आजोबा भीष्म तर समोरच उभे होते!) आता कोणीतरी म्हणेल की त्यानेही आधी झापलंच. झापलं, दोन श्लोक. पण अर्जुन शरण आल्यावर अठराव्या अध्यायापर्यंत त्याच्याशी बोलत बसला. दादा दोन श्लोकांवर थांबला आणि झोपायला गेला.

पुढे त्यालाच डॉक्टरांनी बायपास सांगितली. तेव्हा प्रारब्ध कुठे आडवं आलं नाही, दोन ठिकाणी दुसरं मत घेऊन झालं. घेतलं ते योग्यच केलं. प्रारब्धाच्या जोडीला क्रियमाण कर्मही सांगितलेलं आहे, म्हणजे आज आपण जे करतो ते. मग हृदयाला क्रियमाण आणि मनाला प्रारब्ध, ही वाटणी कुणी केली?

मुलगी उपचार घेऊन आता बरी आहे. दादाला त्यातलं काहीही मान्य नाही. "नामस्मरण केलं असतं तर ही वेळच आली नसती," हे त्याचं अजून चालू असतं.

नाम घेऊ नका असं मी म्हणत नाही. मी स्वतः घेते, आणि मुलगीही हल्ली रात्री दहा मिनिटं बसते. तरुणांचं सगळंच दुःख खरं असतं असंही नाही. षड्रिपूंतला मत्सर फोनवर दिवसभर पोसायचा आणि मग मन अशांत आहे म्हणायचं, हे मी घरीच बघते. पण तुम्ही हा प्रश्न घरातल्या कोणाला गप्प बसवायला विचारत असाल, तर शास्त्राचा आधार शोधू नका, मिळणार नाही. आणि तुम्हालाच कोणी गप्प बसवत असेल, तर आधी डॉक्टर गाठा, वाद नंतर घाला. आमचा अजून चालूच आहे.