बर्फाळ प्रदेशातलं झुडूप आणि जमिनीवरची गोगलगाय यांची तुलना होऊ शकते का?

एक वनस्पती, एक प्राणी, मग तुलना करायची तरी कशाची, असं तुम्ही विचारलंय. करता येते, फक्त जोडी नेमकी निवडायला हवी. मी आल्प्समधली घेतो: खुजा विलो (सॅलिक्स हर्बेशिया) आणि रोमन गोगलगाय (हेलिक्स पोमॅशिया). पहिला उंचावरच्या उघड्या उतारांवर, दुसरी खाली चुनखडीच्या जमिनीत.

विलो लाकडी झुडूप खरं, पण उंची जेमतेम 2 ते 5 सेंटिमीटर. फांद्या जमिनीतच पसरतात, वर डोकावतात ती टोकं आणि दोन-चार गोल पानं. त्यामुळे हिवाळ्यात अख्खं झुडूप बर्फाखाली जातं, आणि बाहेर कितीही कडाका पडला तरी जाड थराखाली तापमान शून्याच्या आसपास टिकतं. गोगलगाय मातीत खड्डा करून बसते. त्याआधी पोट रिकामं करते, कारण आतड्यातल्या अन्नकणांभोवती बर्फ लवकर धरतो. मग शंखाचं तोंड चुन्याच्या झाकणाने बंद. वसंतात ते ढकलून ती बाहेर येते आणि झाकण पांढऱ्या गुंडीसारखं मातीत पडून राहतं.

दडी मारण्यात दोघं सारखेच. खरी गंमत पुढे आहे. झाडं उभयलिंगी आणि प्राण्यांत नर-मादी वेगळे, असं आपण धरून चालतो. इथे नेमकं उलटं! विलोचं झुडूप एक तर नर, नाहीतर मादी; गोगलगाय मात्र एकाच देहात दोन्ही. मिलनाच्या वेळी ती जोडीदाराच्या अंगात चुन्याचा बारीक बाण खुपसते. (प्रेमाचा हा प्रकार मला तरी झेपला नसता.)

एकाच देहात नर-मादी दोन्ही असण्याचा हिशेब मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांना चांगलाच कळलाय. 2022 च्या खरिपात लातूर, बीडकडे शंखी गोगलगायींनी कोवळं सोयाबीन फस्त केलं, अनेकांवर दुबार पेरणीची वेळ आली. ती जात वेगळी, मूळ आफ्रिकेतली, आणि दडी मारते ती कोरड्या दिवसांत. पण तीही उभयलिंगीच, त्यामुळे जोडीतल्या दोघीही अंडी घालू शकतात. म्हणून तर गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी शेतात टाकायची, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचून साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्यात बुडवायच्या, आणि बांधाकडेच्या मातीतली अंडीही शोधून काढायची, असं सांगतात.