शिट्टी वाजते, गाणं नाही

प्रश्न: माझ्या जुन्या सॅन स्टॉर्म या टप उघडणाऱ्या दोन सीटच्या गाडीत नवा स्टिरिओ, ॲम्प्लिफायर बसवला. ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकर शिट्टी मारतो. मेकॅनिक म्हणतो, स्पीकर बदला. काय करू? – एक वाचक, पारोळा

उत्तर: भाऊ, खिशात हात घालू नका! शिट्टी इंजिनच्या वेगाबरोबर चढते, म्हणजे ती अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राची. बहुधा अर्थिंग कच्चं. तुमच्या गाडीची बॉडी फायबरची, तिला अर्थिंग कुठून मिळणार? ॲम्प्लिफायरची काळी वायर थेट चॅसिसला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला जोडा. पॉलिशपेपरने रंग घासून चकचकीत लोखंड दिसू द्या, मगच बोल्ट आवळा. स्टिरिओकडून ॲम्प्लिफायरला जाणारी सिग्नलची वायर बॅटरीच्या वायरीपासून दूर, दुसऱ्या बाजूने न्या. बॅटरीच्या वायरीला बॅटरीपासून वीतभरात फ्यूज हवाच. आणि मे महिन्यात टप उघडा ठेवून गाडी उन्हात लावू नका; आमच्या धुळ्यात माझ्या स्पीकरचे कागदी कोन असेच तडकले.