भावाच्या बॉक्सिंगवर सगळी बचत लावू का?

प्रश्न: माझा धाकटा भाऊ २३ वर्षांचा आहे. व्यावसायिक बॉक्सर म्हणून सहा लढती खेळला, सहाही जिंकला. आता एक प्रमोटर, म्हणजे लढती भरवणारा, तीन वर्षांचा करार देतोय. भाऊ म्हणतो, "नोकरी सोडतो, दोन वर्षं माझा खर्च तू उचल, मग प्रत्येक पर्समधले, म्हणजे लढतीच्या मानधनातले, २० टक्के तुझे." यात माझी सगळी बचत जाईल. बॉक्सर कोट्यवधी कमावतात असं वाचते. पैसे घालू का?

उत्तर: ताई, सगळी बचत घालू नका. थोडी घाला, तीही हप्त्याहप्त्याने. आणि ते २० टक्के सध्या बाजूला ठेवा.

तुम्ही वाचलेले कोटी खोटे नाहीत. २ मे २०१५ रोजी लास व्हेगासला मेवेदर आणि पॅक्याव हे दोन नामांकित बॉक्सर लढले, तेव्हा अमेरिकेत सुमारे ४६ लाख ग्राहकांनी वेगळे पैसे मोजून ती लढत घरी पाहिली. नुसत्या तिकिटांचेच ७ कोटी डॉलरच्या वर जमले. पण त्याच खेळात चार फेऱ्यांची लढत खेळणारा नवखा अमेरिकेत काहीशे डॉलर, फार तर हजार-दीड हजार घेऊन घरी जातो. ब्रिटनमध्ये छोट्या हॉलच्या कार्यक्रमांत तर बरेचदा मुलाला आपली तिकिटं आपणच मित्र-नातेवाइकांना विकावी लागतात. त्यातून आधी प्रतिस्पर्ध्याचं मानधन भागतं आणि उरलं तर याचं. या दोन टोकांच्या मध्ये पगारदार मधला वर्ग म्हणावा असा फारसा नाहीच. ठरलेलं वेतन नाही, आणि ठरलेली लढत आदल्या आठवड्यात रद्द झाली तर बहुतेक वेळा हातात काही पडत नाही.

म्हणून भावाला पहिला प्रश्न हा विचारा: मागच्या लढतीला तुझ्या नावावर किती तिकिटं खपली? सहापैकी सहा विजयांपेक्षा हा आकडा मला जास्त सांगेल. इंग्लंडच्या क्रिस्टियन लेटचं उदाहरण मला फार आवडतं. २०१८ मध्ये निवृत्त होईपर्यंत तो ३०० लढती खेळला, जिंकला फक्त १२ आणि हरला २७९. अशा बॉक्सरला तिथे जर्नीमन म्हणतात. आयत्या वेळी बोलावलं तरी येणारा, नवख्याला पुऱ्या फेऱ्या खेळवणारा आणि ठरलेले पैसे घेऊन पुढच्या गावी जाणारा. एकही लढत न हरलेल्या पण तिकिटं न खपणाऱ्या मुलापेक्षा असा माणूस महिन्याकाठी बरा कमावू शकतो.

पर्स वाढते ती बघणारे वाढले की. त्यात वजनगट आला, कारण हेवीवेटला गर्दी जमते आणि सर्वांत हलक्या गटांतले जगज्जेतेही मागे पडतात. प्रक्षेपण कोणाकडे आहे ते आलं, समोर कोण उभा आहे ते आलं. महिलांच्या बॉक्सिंगमध्ये वर्षानुवर्षं पैसा नव्हता. एप्रिल २०२२ मध्ये केटी टेलर आणि अमांडा सेरानो यांनी न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन भरून दाखवलं, तेव्हा दोघींनाही दहा लाख डॉलरच्या वर मिळाले.

आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे करार. मेवेदरने २००६ मध्ये साडेसात लाख डॉलर स्वतःच्या खिशातून भरून आपल्या प्रमोटरशी असलेला करार सोडवला. त्याची खरी प्रचंड कमाई त्यानंतरची. तुमच्या भावाला असं सुटायला कुठून पैसे मिळणार? म्हणून सही करायच्या आधीच बघायचं. वर्षाला किमान किती लढती, प्रत्येकीची किमान पर्स किती आणि तेवढ्या लढती दिल्या नाहीत तर करार आपोआप संपतो का. जगज्जेतेपदाचा पट्टा जिंकल्यावर करार वाढतो असं कलम असेल तर ती मुदत किती, तेही बघा. प्रमोटरचाच माणूस मॅनेजर असेल तर सावध व्हा. भाव वाढवणं हे मॅनेजरचं काम आणि कमीत कमी देण्यात प्रमोटरचा फायदा. अमेरिकेने २००० साली महंमद अलीच्या नावाने कायदा केला, त्यात हे हितसंबंध वेगळे ठेवण्याची तरतूद मुद्दाम घातली आहे. खेळाडूंचे करार वाचणारा वकील स्वस्त नसतो, पण माझ्या मते तुमच्या पैशातला पहिला खर्च हाच असावा.

आता तुमचे २० टक्के. पर्स १०० धरा. मॅनेजरचे २० (लास व्हेगास ज्या राज्यात आहे त्या नेव्हाडात कमाल मर्यादा एक तृतीयांश आहे), प्रशिक्षकाचे साधारण १०, जखमा सांभाळणाऱ्या कट-मॅनचे २. उरले ६८. जागतिक पट्ट्याची लढत असेल तर मान्यता देणारी संस्था साधारण ३ टक्के घेते. मग स्पारिंगचे, म्हणजे सरावात समोर लढणारे, जोडीदार, प्रवास, वैद्यकीय तपासण्या आणि कर. तुमचे २० या ६८ मधून गेले तर भावाकडे हे सगळे खर्च भागवायला ४८ उरतात. दोन वर्षांनी तो तुमच्यावर चिडेल, आणि त्यात त्याची चूक नसेल. शिवाय अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत पर्सचा टक्का घेणाऱ्याला मॅनेजरचा परवाना लागतो. तुमच्याकडे काय नियम आहे ते त्याच वकिलाला विचारा.

माझं गणित असं: तुमचा स्वतःचा सहा महिन्यांचा खर्च आधी बाजूला काढा. उरलेल्या बचतीच्या चौथ्या हिश्श्यापुढे जाऊ नका. ती रक्कम १२ मासिक हप्त्यांत द्या, आणि थेट सराव, तपासण्या व वकील यांसाठीच. बुडाली तरी नातं टिकेल, इतकीच ती असू दे. परत यायचीच असेल तर बिनव्याजी उसने म्हणून कागदावर लिहा. सगळी वजावट झाल्यावर त्याच्या हातात जे उरेल, त्यातून त्याने फेडावेत.

नोकरी त्याने एवढ्यात सोडू नये. शिफ्ट बदलून किंवा अर्धवेळ करून सराव जमतो का, ते आधी पाहा. पहिल्या फळीत न पोहोचलेले कितीतरी बॉक्सर वर्षानुवर्षं असंच करतात. नॉकआउट झाला तर वैद्यकीय बंदी महिना-दोन महिने, कधी त्याहून जास्त असते. हाताचं हाड मोडलं तर अर्धं वर्ष जातं. त्या काळात नोकरीचा पगारच येत राहतो.

करार हातात आला की सही न करता मला त्यातली लढतींची संख्या आणि किमान पर्स कळवा. सोबत भावाकडून आतापर्यंतच्या सहा लढतींचा हिशेबही लिहून घ्या: जाहीर पर्स किती, प्रत्यक्ष हातात किती आले, तयारीवर किती गेले. त्याने असा हिशेब ठेवलाच नसेल, तर पहिला हप्ता द्यायच्या आधी तो करायला लावा.